पुन्हा पडणाऱ्यांची मोजदाद

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही दोघेही दरवर्षी एकाच प्रश्नापाशी अडखळतो. आत्मचरित्र संपवायचे कोठे? लेखक तर जिवंत असतो. म्हणजे पुस्तकाचा शेवट आयुष्याने दिलेला नसतो, तो लेखकाने निवडलेला असतो. आणि शेवट कोठे निवडला यावर ती कहाणी विजयाची ठरते की पराभवाची, हे पुष्कळदा अवलंबून असते. यंदा पदव्युत्तर वर्गात लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचत असताना एका विद्यार्थ्याने निराळाच प्रश्न पुढे केला. रिमांड होममधून सुटलेल्या मुलांपैकी किती मुले पुन्हा गुन्हा करतात, याचा नेमका आकडा कोठे मिळेल? आम्ही मराठीचे अध्यापक. असल्या आकड्यांशी आमचा संबंध उत्तरपत्रिकांच्या बेरजेपुरताच. परंतु विद्यार्थ्याला 'पाहून सांगतो' असे म्हटले होते, आणि म्हटले की पाहावे लागते. पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले, की हा आकडा म्हणजेही एक कहाणी आहे. तिलाही कोणीतरी शेवट निवडून दिलेला असतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. युरोपीय भाषांत गुन्ह्याच्या पुनरावृत्तीसाठी जो शब्द रूढ आहे, त्याचे लॅटिन मूळ 'मागे पडणे', 'पुन्हा पडणे' असे आहे. त्यात उठून उभ्या राहिलेल्या माणसाचे कोसळणे गृहीत धरले आहे. आपल्याकडचा पोलिसी शब्द 'सराईत'. त्यात पडणे नाही, सराव आहे, हातखंडा आहे. एका शब्दात हळहळ, दुसऱ्यात जवळजवळ कौतुक! सोळा वर्षांच्या मुलाच्या कागदांवर यांपैकी कोणता शब्द चढतो यावर त्याच्याकडे पाहणाऱ्याची नजर ठरते. अलीकडच्या कायद्याने 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा लांबलचक शब्द घडवला आहे. तो उच्चारायला अवघड आहे खरा, पण त्यात निदान शिक्का नाही.

मोजणीचा इतिहास फ्रान्सपासून सुरू करणे सोयीचे. तेथे १८२५ सालापासूनच्या खटल्यांची राष्ट्रीय आकडेवारी नियमितपणे छापली जाऊ लागली आणि लवकरच 'पूर्वी शिक्षा झालेले' असा एक रकाना त्यात स्थिर झाला. परंतु एखादा आरोपी पूर्वीचा गुन्हेगार आहे, हे ओळखायचे कसे? तो नाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेला की नवा माणूस होत असे. यावर उपाय म्हणून बॉनव्हिल द मार्सांजी या न्यायाधिकाऱ्याने सुचवले, की प्रत्येक माणसाच्या शिक्षांची नोंद त्याच्या जन्मगावच्या न्यायालयात ठेवावी. १८५० मध्ये ही पद्धत अमलात आली. आता गंमत अशी, की नोंद जितकी नेटकी, तितके 'पुन्हा पडलेले' अधिक सापडणार. माणसे पूर्वीइतकीच पडत असोत. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र तीक्ष्ण झालेली असते. या मोजणीत वाढलेला आकडा म्हणजे वाढलेली गुन्हेगारी, असे समजण्याची चूक तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

त्याच फ्रान्समध्ये तूर शहराजवळ मेत्रे येथे १८४० मध्ये मुलांसाठी प्रसिद्ध शेतवसाहत निघाली. मिशेल फुको वाचलेल्यांना ती ठाऊक असेलच. 'शिस्त आणि शिक्षा' या ग्रंथात त्याने तुरुंगव्यवस्थेच्या पूर्णत्वाची तारीख म्हणून याच वसाहतीच्या उद्घाटनाचा दिवस निवडला आहे. मेत्रेचे संस्थापक द मेत्झ आपल्या वसाहतीतून बाहेर पडलेल्यांत पुन्हा गुन्हा करणारे किती थोडे निघतात, हे पाहुण्यांना अभिमानाने सांगत. पुढे याच मेत्रेत एक मुलगा १९२६ पासून काही वर्षे राहिला. त्याचे नाव ज्याँ जने. त्याची १९४६ ची कादंबरी फाँतव्ह्रोच्या तुरुंगात घडते आणि त्या तुरुंगात त्याला भेटतात ते मेत्रेचेच जुने सोबती. द मेत्झच्या टक्केवारीला शंभर वर्षांनी मिळालेले हे उत्तर म्हणावे लागेल. मोजणारा सांगतो की थोडेच परतले. परतलेला सांगतो की आम्ही सगळे येथेच आहोत. यांत खोटे कोणीच बोलत नाही, हे विशेष.

पण या विषयाची खरी रंगभूमी फ्रान्स नव्हे. ती आहे अमेरिकेतील बॉस्टन. सुमारे ऐंशी वर्षांच्या काळात त्या एका शहराच्या परिसरात या प्रश्नावर जेवढे कष्ट झाले, जेवढी भांडणे झाली आणि जेवढा भ्रमनिरास झाला, तेवढा क्वचितच अन्यत्र झाला असेल.

शिकागोमध्ये १८९९ साली पहिले बालन्यायालय निघाले. बॉस्टनचे निघाले १९०६ मध्ये आणि हार्वे बेकर हे त्याचे पहिले न्यायाधीश. न्यायाधीशाने मुलापुढे दंडाधिकारी म्हणून न बसता वडीलधारा म्हणून बसावे आणि 'याने काय केले' यापेक्षा 'याला काय झाले आहे' हे विचारावे, अशी त्या चळवळीची श्रद्धा होती. बेकर १९१५ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ १९१७ मध्ये एक चिकित्सालय स्थापन झाले. तेथे विल्यम हीली आणि ऑगस्टा ब्रॉनर हे दोघे न्यायालयाने पाठवलेल्या मुलांची तपासणी करून कोणाला कोठे ठेवावे, कोणते उपचार करावेत याविषयी न्यायालयाला शिफारस करीत. वैद्यकशास्त्राच्या प्रतिष्ठेचा तो काळ. रोग ओळखला की औषध सापडते, हा विश्वास मुलांच्या चोऱ्यांनाही लागू केला गेला.

या व्यवस्थेची परीक्षा घेतली शेल्डन ग्लूक आणि एलेनॉर ग्लूक या दांपत्याने. शेल्डन हार्वर्डच्या विधिमहाविद्यालयात प्राध्यापक. एलेनॉर यांची विद्वत्ता पतीच्या तोडीची, बहुतेक ग्रंथांवर दोघांची नावे. परंतु त्यांना हार्वर्डने कधीच प्राध्यापकपद दिले नाही, त्या अखेरपर्यंत संशोधन-सहायकांच्या श्रेणीतच राहिल्या. (हा विषयांतराचा मोह आम्ही आवरतो, आमच्या विभागांतही असे अनेक संसार पाहिले आहेत.) १९३० मध्ये त्यांनी काँकर्डच्या सुधारगृहातून सुटलेल्या पाचशे तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि त्यांतील सुमारे ऐंशी टक्के सुधारले नाहीत असे दाखवले होते. १९३४ मध्ये त्यांनी बालन्यायालयाकडे मोर्चा वळवला. बेकर चिकित्सालयात तपासल्या गेलेल्या एक हजार मुलांचा त्यांनी माग काढला. न्यायालयाचा अंमल संपल्यानंतरची पाच वर्षे त्यांनी हिशेबात धरली. पोलिसांच्या नोंदी, प्रोबेशनच्या वह्या, घरोघरच्या भेटी असा सारा खटाटोप करून ९०५ मुलांच्या वर्तनाविषयी खात्रीने काही सांगता आले. त्यांपैकी ७९८ पुन्हा अपराधी ठरली होती. म्हणजे ८८.२ टक्के.

हा दशांश चिन्हापुढचा दोन आम्हांला फार बोलका वाटतो. त्याने आकड्याला काट्यावर तोललेल्या सोन्याची अचूकता आली. अठ्ठ्याऐंशी टक्के मुले जर परत येत असतील, तर बालन्यायालय हवे कशाला, असा सूर वृत्तपत्रांपासून सभांपर्यंत उमटला. चिकित्सालयाच्या बाजूचे लोक दुखावले. त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे होते. चिकित्सालय केवळ शिफारस करीत असे. ती पूर्णपणे अमलात येण्याचे भाग्य फार थोड्या मुलांना लाभले होते. ज्यांना औषधाची चिठ्ठी मिळाली पण औषध मिळाले नाही, त्यांच्या आजारपणाचा दोष वैद्याला कसा द्यावा? शिवाय चिकित्सालयाकडे पाठवली जात ती मुळात बिकट प्रकरणे. आणि 'पुन्हा अपराध' यात काय काय मोजले होते? दरोड्यापासून किरकोळ हुल्लडबाजीपर्यंत सारे. ज्या शहरात आयरिश-इटालियन वस्तीतल्या पोरांकडे शिपायाचे लक्ष अधिक, त्या शहरात शिपायाच्या वहीतून मुलाचे चारित्र्य वाचायचे, म्हणजे शिपायाचेही चारित्र्य वाचायचे.

येथे 'उचल्या' पुन्हा आठवल्यावाचून राहत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आपल्याकडे जातच्या जात जन्मतः नोंदवहीत बसवली गेली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. ज्याचे नाव वहीत आधीच आहे त्याच्याकडे चोरी झाल्यावर सर्वांत आधी जाणार. तो सापडला की नोंद वाढणार. नोंद वाढली की पुढच्या वेळी आणखी आधी जाणार. अशा मुलाचा 'पुनरपराधाचा दर' काढणे म्हणजे आरशाला प्रतिबिंबाबद्दल जाब विचारणे होय. ग्लूक दांपत्याला हा आक्षेप ठाऊक नव्हता असे नाही. त्यांची निष्ठा मात्र नोंदीवर होती.

त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देणारी गोष्ट पुढेच आहे. त्यांनी मुलांचा पिच्छा सोडला नाही. पाच वर्षांनंतर आणखी पाच, मग आणखी पाच. १९४० मध्ये त्याच हजार मुलांवरचा पुढचा ग्रंथ आला, तेव्हा ती मुले तिशीकडे झुकली होती. आणि चित्र बदलले होते. पुष्कळांनी गुन्हे सोडले होते. ज्यांनी सोडले नव्हते त्यांचेही गुन्हे सौम्य झाले होते. कोणत्या उपचाराने? कोणत्याच नव्हे. ग्लूक दांपत्याने त्याला परिपक्वता म्हटले. आपण 'वय झाले' म्हणतो. १९३४ च्या ग्रंथातील ७९८ 'अयशस्वी' मुलांतली कित्येक केवळ घड्याळ आणखी दहा वर्षे चालू राहिल्यामुळे दुसऱ्या रकान्यात गेली. तरीही लोकांच्या स्मरणात राहिला तो ८८.२. पहिल्या आवृत्तीचा शेवट लोकांना आवडला होता.

आता या नाटकातले दुसरे पात्र. रिचर्ड क्लार्क कॅबट हा बॉस्टनचा नामांकित वैद्य. रुग्णालयात समाजसेवकांची नेमणूक करण्याची प्रथा त्याने १९०५ मध्ये पाडली. परंतु वैद्यकाच्या इतिहासात त्याचे नाव आहे ते एका धाडसासाठी. त्याने तीन हजार शवविच्छेदनांचे निष्कर्ष डॉक्टरांनी जिवंतपणी केलेल्या निदानांशी ताडून पाहिले आणि निदाने किती वेळा चुकली होती ते १९१२ मध्ये जाहीरपणे छापले. अशा माणसाला समव्यावसायिक कितपत चाहत असतील याची कल्पना करता येते. ग्लूक दांपत्याच्या पहिल्या अभ्यासाला त्यानेच उत्तेजन दिले होते. १९३४ च्या ग्रंथावर त्यानेच लिहिले आणि वाद पेटला. समाजसेवकांनाही तो तोच प्रश्न विचारी: तुमच्या चांगुलपणाचे शवविच्छेदन कोणी केले आहे का?

मात्र कॅबट श्रद्धाळूही होता. मुलाला सुधारते ते उपचाराचे तंत्र नव्हे, तर एखाद्या भल्या माणसाचा दीर्घ स्नेह, असे त्याला मनापासून वाटे. ते खरे की खोटे याची परीक्षा त्याने स्वतःच मांडली. बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतील ५०६ मुलगे निवडले गेले. त्यांत शिक्षकांच्या मते वाया जाण्याच्या मार्गावरचे होते, तसे सामान्यही होते. वय, घर, परिसर, स्वभाव पाहून त्यांच्या २५३ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाची निवड नाणे उडवून केली. छाप्याच्या मुलाला मार्गदर्शक मिळाला, काट्याच्या मुलाला काही नाही. १९३९ मध्ये काम सुरू झाले, त्याच वर्षी कॅबट वारला. काम १९४५ पर्यंत चालले. मार्गदर्शक महिन्यातून साधारण दोनदा घरी जात. अभ्यासाला मदत करीत, दवाखान्यात नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवीत, आईबापांच्या भांडणात पडत. एकेका मुलाला सरासरी पाच वर्षे असा स्नेह लाभला.

या नाणेफेकीबद्दल आमच्यात मतभेद आहे, तो लपवत नाही. आमच्यापैकी एकाला ती क्रूर वाटते: शेजारच्या दोन पोरांपैकी एकालाच हात द्यायचा आणि दुसऱ्याकडे फक्त पाहत राहायचे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की सर्वांना पुरेल इतके हात नव्हतेच. आणि नाण्याने निदान लाडक्यांची निवड केली नाही. ग्लूक यांच्या हजार मुलांविषयी 'चिकित्सालयात गेली नसती तर काय झाले असते' या प्रश्नाला उत्तर नव्हते. येथे काट्याची मुले हेच ते उत्तर.

१९५१ मध्ये पॉवर्स आणि विटमर यांनी निष्कर्ष छापले. दोन्ही गटांत न्यायालयापर्यंत पोहोचलेल्यांच्या प्रमाणात फरक नव्हता. इतकेच असते तर प्रकरण निराशेवर संपले असते. पुष्कळ चांगली कामे अशीच संपतात. परंतु जोन मॅकॉर्ड या विदुषीने १९७५ च्या सुमारास ही जुनी यादी पुन्हा उघडली. मुले आता चाळिशी-पन्नाशीची झाली होती. त्यांनी जवळजवळ सर्वांचा, म्हणजे ९८ टक्क्यांचा, ठावठिकाणा लावला. छाप्याच्या गटातील सुमारे दोन तृतीयांश माणसांनी सांगितले की त्या योजनेचा आम्हांला फायदा झाला. मार्गदर्शकाची आठवण प्रेमाने काढणारेही होते. येथपर्यंत कॅबटचा आत्मा सुखावला असता.

नंतर नोंदी पाहिल्या गेल्या. गुन्ह्याची नोंद असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. पण ज्यांनी एक गुन्हा केला होता त्यांपैकी दुसरा करणारे किती? काट्याच्या गटात ६७ टक्के. छाप्याच्या गटात, म्हणजे ज्यांना स्नेह लाभला त्यांच्यात, ७८ टक्के. मद्यपाशाची, गंभीर मनोविकारांची आणि लवकर मरणाची लक्षणेही त्याच गटात अधिक. मॅकॉर्ड यांनी हे १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. मदतीने हानी केली होती. आणि ज्यांची हानी झाली ते आभार मानत होते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या साऱ्या व्यवसायाचा पाया साक्षीवर आहे. माणूस स्वतःविषयी जे सांगतो त्याला आपण अंतिम नसले तरी अनन्य मानतो. दलित आत्मकथनांच्या संदर्भात 'अनुभवाची प्रामाणिकता' हा तर आपला कळीचा शब्द. येथे सत्तरच्या दशकातला एखादा प्रौढ गृहस्थ 'त्या साहेबांमुळे मी मार्गाला लागलो' असे सांगतो आहे. तो खोटे बोलत नाही. आणि तरीही त्याच्या जोडीतला, ज्याला कोणीच साहेब मिळाला नाही, तो अधिक बरा निघाला असण्याची शक्यता आहे. हे त्याला आतून कधीही दिसणार नाही, कारण दुसरे आयुष्य त्याने जगलेले नाही. साक्षीची ही मर्यादा आम्हांला कोणत्याही समीक्षाग्रंथापेक्षा या एका जोडीने अधिक स्पष्टपणे शिकवली. मोजणीविषयी आम्ही वर जे टोचून लिहिले, त्याला ही दुसरी बाजू आहे. मोजले नसते तर ही हानी उपकार म्हणूनच इतिहासात राहिली असती.

कारण काय असावे? यावर अनेक तर्क झाले. अपेक्षा वाढवून आधार काढून घेतला गेला का? मार्गदर्शकांची मूल्ये घरच्यांशी विसंगत होती का? पुढे १९९९ मध्ये मॅकॉर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी उन्हाळी शिबिरांकडे बोट दाखवले. एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्या मुलांत हानी विशेष दिसली. वाट चुकू पाहणारी पोरे एकत्र आणली की ती एकमेकांचे शिक्षक होतात. मेत्रेच्या जुन्या सोबत्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ग्लूक दांपत्य दरम्यान भविष्याकडे वळले होते. १९५० च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या ग्रंथात वेस्टबरोच्या लायमन शाळेसारख्या सुधारशाळांतील पाचशे मुले आणि बॉस्टनच्या साध्या शाळांतील पाचशे मुले शेजारी शेजारी ठेवली होती. वडिलांची शिस्त, आईची देखरेख, दोघांची माया, घरची एकी या पाच गोष्टींवरून सहा वर्षांच्या मुलाचेही भाकीत करता येईल, असा कोष्टकाचा प्रस्ताव होता. न्यूयॉर्कमध्ये तो आजमावलाही गेला. अल्बर्ट रीस या समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच त्यातला दोष दाखवला होता. अभ्यासात निम्मी मुले अपराधी घेतली होती. गावात निम्मी मुले अपराधी नसतात. निम्म्यांच्या जगात बसवलेले कोष्टक खऱ्या जगात नेले, की ते शेकडो निरपराध मुलांवर बोट ठेवणार.

छेदातली ही गफलत पुढे फार महागात पडली. मार्व्हिन वुल्फगँग आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये फिलाडेल्फियातील १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांचा अभ्यास मांडला. त्यांतली ६२७ मुले, म्हणजे ६.३ टक्के, नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक गुन्ह्यांना जबाबदार होती. अभ्यास मागे वळून पाहणारा होता; कोण त्या सहा टक्क्यांत निघणार हे आधी ओळखता येते, असे त्यातून सिद्ध होत नव्हते. पण नव्वदच्या दशकात जॉन डिइयुलिओ या राज्यशास्त्रज्ञाने ते सहा टक्के भावी लोकसंख्येला लावले आणि १९९५ मध्ये महाशिकारी पोरांची नवी पिढी येत असल्याचा इशारा दिला. मुलांना प्रौढांच्या न्यायालयात उभे करणारे कायदे त्या वातावरणात राज्याराज्यांत कडक झाले. ती पिढी आलीच नाही. अल्पवयीनांची हिंसक गुन्हेगारी तोवर उतरू लागली होती. २०१२ मध्ये अल्पवयीनांच्या आजन्म कारावासाविरुद्धच्या खटल्यात अभ्यासकांनी सर्वोच्च न्यायालयापुढे जे निवेदन दिले, त्यावर डिइयुलिओ यांचीही सही होती. तुरुंगात गेलेल्या मुलांना त्या सहीचा उपयोग किती, हा प्रश्न आहेच.

बॉस्टनची कथा अजून एका वळणावर संपायची होती. लायमन शाळा १९७२ मध्ये बंद झाली. जेरोम मिलर या आयुक्ताने मॅसॅच्युसेट्समधील मुलांच्या मोठ्या कोंडवाड्यांना टाळे लावले, त्या लाटेत ती गेली. एलेनॉर त्याच वर्षी वारल्या, शेल्डन १९८० मध्ये. त्यांचे कागद हार्वर्डच्या विधिग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास जॉन लाउब या अभ्यासकाच्या ते दृष्टीस पडले. त्याने आणि रॉबर्ट सॅम्पसन याने ती खोकी उघडून पाचशे सुधारशाळेच्या मुलांचे कागद नव्याने मांडले आणि १९९३ मध्ये ग्रंथ लिहिला. मग जिवंत असलेल्यांपैकी ५२ जणांना गाठून त्यांच्या जीवनकथा ऐकल्या. दुसरा ग्रंथ २००३ चा. आता ती मुले सत्तरीच्या घरात होती. सात वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंत गुन्ह्यांचा आलेख एखाद्या माणसामागे लावलेला, असे काम जगात विरळा.

त्यांना दिसले ते असे. जवळजवळ सर्वांचेच गुन्हे वयाबरोबर ओसरले, अट्टल समजल्या गेलेल्यांचेही. बालपणीच्या माहितीवरून कोण आधी थांबेल आणि कोण उशिरा, हे सांगता येत नव्हते. काहींना टिकाऊ नोकरीने थांबवले, काहींना सैन्याने, पुष्कळांना लग्नाने. लग्नाचा हा निष्कर्ष ऐकून आमच्या घरी, दोन्ही घरी, समाधान व्यक्त झाले. 'लग्न करून द्या म्हणजे सुधारेल' ही आपल्याकडची आजीबाईची म्हण इतक्या मोठ्या अभ्यासानंतर हार्वर्डहून परत येईल असे वाटले नव्हते. मात्र त्या सुनेचे काय झाले, हे आजीबाईही सांगत नसे आणि त्या खोक्यांतही थोडेच होते. मुलींची खोकी तर नव्हतीच.

आता आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात कित्येक वर्षे एक कोष्टक असे: पकडलेल्या अल्पवयीनांत नवे किती आणि पूर्वी पकडलेले किती. यालाच पुनरपराधाचा दर समजून वृत्तपत्रांत अग्रलेख लिहिले गेले. हा दर नव्हे. कल्पित उदाहरण घेऊ. एका वर्षी शंभर मुले सुटली. पुढच्या वर्षी त्यांतली चाळीस पुन्हा पकडली गेली. त्याच वर्षी तीनशे साठ नवी मुले सापडली. कोष्टक म्हणेल, चारशेपैकी चाळीस, म्हणजे दहा टक्के. सुटलेल्यांच्या बाजूने पाहिले तर चाळीस टक्के. गाव तेच, मुले तीच. आकड्याचा आशय इतका बदलतो, कारण एकात दारातून आत येणाऱ्यांना विचारले आहे आणि दुसऱ्यात बाहेर पडलेल्यांच्या मागे जाऊन पाहिले आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर वयोमर्यादेचा जो वाद पेटला, त्यात दोन्ही बाजूंनी आकडे फेकले. २२ डिसेंबर २०१५ रोजी राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयातील, घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट त्याने उघडली. 'सुटलेली मुले पुढे काय करतात' याचे बॉस्टनसारखे उत्तर हाती नसताना हे घडले.

आम्ही विद्यार्थ्याला सांगणार होतो, की आपल्याकडेही अशी खोकी हवीत. मग कायदा वाचला. त्याच कायद्यात 'नव्याने आरंभ' हे तत्त्व आहे. बाल न्यायाखाली आलेल्या मुलाला त्या नोंदीमुळे कोणतीही अपात्रता येऊ नये, आणि अपिलाची मुदत किंवा वाजवी काळ उलटल्यावर त्याच्या दोषाचे कागद नष्ट करावेत, असे चोविसावे कलम सांगते. म्हणजे मोजायचे तर लक्षात ठेवले पाहिजे आणि कायदा तर विसरण्याचे वचन देतो. लायमन शाळेच्या मुलांना असे वचन कोणी दिले नव्हते, म्हणूनच सत्तराव्या वर्षी त्यांच्या दारावर थाप पडू शकली. विद्यार्थी म्हणाला, "सर, माझा भाऊ असता तर मी कागद जाळाच म्हटलं असतं." आम्हीही तेच म्हटले असते.

त्या कलमाला एक अपवाद आहे. घृणास्पद गुन्ह्यात प्रौढाप्रमाणे खटला चालून जो मुलगा दोषी ठरला, त्याचे कागद बालकांच्या न्यायालयाने जपून ठेवायचे आहेत. बाकीच्यांचे नष्ट होतील, याचे राहतील. आणखी पन्नास वर्षांनी कोणी आपल्या मुलांची मोजदाद करू लागला, तर त्याच्या तळघरात बहुधा एवढीच खोकी असतील.